शेजाऱ्याचे अंगण

छत्रपती संभाजीनगर पाहावयास येणारा प्रवासी बीबी का मकबरा, पाणचक्की आणि दौलताबादचा किल्ला पाहून वेरूळच्या रस्त्याला लागतो. या शहरातील माणसे ज्या जागेवरून एकमेकांची पारख करतात, ती जागा मात्र कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत आढळत नाही. ती जागा म्हणजे घरापुढचे अंगण.

सिडकोच्या कोणत्याही वसाहतीत पहाटे फिरावयास निघालेल्या मंडळींचे बोलणे ऐकावे. एका घरापुढे तुळशीवृंदावन, धुतलेली फरशी आणि ओळीने मांडलेल्या कुंड्या असतात. तेथे कौतुक होते. चार घरे ओलांडली की निळे ड्रम, मोडका कूलर, पत्र्यांची चळत, सायकलचा सांगाडा आणि कोपऱ्यात जुन्या फळ्या व जाळी ठोकून केलेले कोंबड्यांचे खुराडे दिसते. मग शेरे सुरू होतात. "घर आहे की भंगाराचे दुकान?" "कोंबड्याच पाळायच्या होत्या, तर गावी राहायचे." हे शेरे मोठ्याने नसतात, पण ते घराघरांत पोहोचतात, मुलांच्या कानी पडतात, आणि एखाद्या कुटुंबाची ओळख त्याच्या माणसांवरून न होता त्याच्या अंगणातील अडगळीवरून होऊ लागते.

ही अडगळ आली कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो केला असता शहराचा अर्धा इतिहास हाती लागतो.

जुन्या शहरातील चौक

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले. उत्तरेकडील डोंगरांतून भूमिगत वाहिन्यांद्वारे पाणी आणून त्याने ते नगराच्या हौदांत खेळविले. नहर-ए-अंबरी या नावाने ती व्यवस्था आजही ओळखली जाते. पुढे खडकीचे फतेहनगर, त्याचे औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. गुलमंडी, राजाबाजार, बेगमपुरा या जुन्या भागांतील घरांची ठेवण मात्र दीर्घकाळ एकसारखी राहिली. रस्त्याकडे उंच भिंत आणि भक्कम दरवाजा, आत चौक, आणि मागे परसदार. सरपण, गोवऱ्या, धान्याची रिकामी पोती, तुटके पलंग, शेळी वा कोंबडी, जे काही असेल ते सर्व त्या भिंतीच्या आत. रस्त्याने जाणाऱ्याला दिसे तो केवळ दरवाजा.

जुन्या शहरात पसारा कमी होता असे नाही. तो दिसत नव्हता, एवढेच. राजाबाजारातील व्यापारी पेढीमागे काय साठले आहे आणि मजुराच्या खोलीमागे काय साठले आहे, याची तुलना करण्याची संधीच वाटसरूला मिळत नसे.

सिडकोतील कुंपण

१९७२ मध्ये 'नवे औरंगाबाद' वसविण्याचे काम सिडकोकडे आले. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढत होती, पुढे १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि जालना, बीड, परभणीकडची असंख्य कुटुंबे रोजगारासाठी या शहरात आली. एन-१, एन-२ अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या वसाहतींत सिडकोने अल्प उत्पन्न गटांसाठी लहान घरे बांधली. एक-दोन खोल्या, पुढे थोडी मोकळी जागा आणि कमरेएवढे कुंपण, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप होते.

या घरांना परसदार नव्हते. कुटुंब वाढले तसे मागचे उरलेसुरले अंतरही खोली बांधण्यात गेले. जुन्या वाड्यात जे मागे असे, ते येथे पुढे आले. आणि उंच भिंत जाऊन ठेंगणे कुंपण आल्यामुळे ते सर्वांच्या नजरेसही आले. गावाकडून आलेल्या माणसाने आपल्या सवयी बरोबर आणल्या होत्या. दुष्काळ पाहिलेला माणूस वस्तू टाकून देत नाही. पत्र्याचा तुकडा पावसाळ्यात गळक्या छपरावर चढतो. सायकलचे चाक दुसऱ्या सायकलीला लागते. लाकडाची फळी म्हशीच्या गोठ्याला, आणि गोठा राहिला नसेल तर खुराड्याला उपयोगी पडते.

कर्ज देण्यापूर्वी अर्जदाराच्या घरी पाहणीस जाणाऱ्या बँक-अधिकाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. चकचकीत अंगण हा परतफेडीचा पुरावा ठरत नाही आणि विस्कटलेले अंगण बुडीत खात्याची खूणही ठरत नाही. ज्या घरापुढे वेल्डिंगच्या सळया, शिवणयंत्राचा जुना पाय आणि दोन शेळ्या दिसतात, त्या घरात कोणीतरी दिवसभर कष्ट करीत असते. वाटसरूला जी अडगळ वाटते, ती त्या कुटुंबाच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लिहिलेली असते. एवढेच की तो ताळेबंद वाटसरूच्या हाती नसतो.

निळ्या ड्रमांचे रहस्य

या शहरातील अंगणांत सर्वाधिक जागा व्यापणारी वस्तू म्हणजे पाण्याचा ड्रम. पाहुणे मंडळींना त्याचे नवल वाटते. पैठणचा जायकवाडी प्रकल्प, म्हणजे नाथसागर, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. तेथून ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्यांनी पाणी शहरात येत राहिले, आणि शहर त्या वाहिन्यांच्या क्षमतेपलीकडे वाढले. परिणामी अनेक वर्षे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि उन्हाळ्यात कित्येक भागांत आठ-आठ दिवसांनी येत आले. नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तेव्हा ती १६८० कोटी रुपयांची होती. पुढे तिचा खर्च २७०० कोटींच्या वर गेला.

आठ दिवसांचे पाणी साठवावयाचे, तर ते ठेवणार कोठे? ज्याचे घर प्रशस्त आहे, त्याने जमिनीखाली हौद बांधला आणि गच्चीवर टाकी बसविली. त्याचे अंगण मोकळे राहिले. ज्याला हौद खोदणे परवडले नाही, त्याच्या अंगणात चार ड्रम, दोन पिंपे आणि जमतील तेवढ्या बादल्या उभ्या राहिल्या. पाण्याची टंचाई दोघांनाही सारखीच. एकाची जमिनीखाली गेली, दुसऱ्याची अंगणात दिसत राहिली. ज्या पसाऱ्यावरून शेजाऱ्याला नावे ठेवली जातात, त्यातील निम्मा पसारा नळाच्या वेळापत्रकाने निर्माण केलेला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उघड्या ड्रमाबद्दल शेजाऱ्याला वाटणारी काळजी खोटी नव्हे. डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि उष्ण हवेत त्या अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. शहरातील पाण्याच्या पाळीचे अंतर आणि डासाचे जीवनचक्र एकमेकांना चिकटून चालावे, हे या नगरीचे दुर्दैव. ड्रमाला घट्ट झाकण किंवा वरून बांधलेले कापड, आणि आठवड्यातून एकदा तो घासून कोरडा करणे, एवढ्याने हा धोका पुष्कळ टळतो. जुने टायर आणि नारळाच्या करवंट्या उघड्यावर न ठेवणेही तितकेच आवश्यक. पण हे सांगणे आणि "काय ही माणसे!" असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या बोलण्याने ड्रमावर झाकण येते. दुसऱ्याने केवळ दोन घरांतील बोलणे थांबते.

खुराडे आणि अहिंसा

जैन कुटुंबाच्या दृष्टीने खरा पेच आहे तो शेजारच्या खुराड्याचा. ड्रम, पत्रे, कूलर हे डोळ्यांना खुपतात. खुराडे मनाला खुपते. तेथे जे जीव वाढत आहेत, त्यांचा शेवट काय आहे हे ठाऊक असते. पहाटे कोंबडा आरवतो तेव्हा सामायिकास बसलेल्या श्राविकेच्या मनात अनुकंपा आणि अप्रीती या दोन्ही भावना एकाच वेळी उठतात, आणि त्यांतील कोणती अधिक प्रबळ आहे हे सांगणे तिलाही कठीण जाते.

खुराडे ठेवणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. घरगुती गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते. खुडूक बसली की एकवीस दिवसांत पिले काढते. शिळी भाकरी, निवडलेल्या धान्यातील कणी, भाजीचे देठ यांवर तिचे भागते. मजुरी करणाऱ्या घरातील स्त्रीला हा स्वतःच्या हाती राहणारा पैसा असतो. शाळेची वही, औषधाची बाटली, बसचे भाडे यांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. ज्या घराला बँकेची पायरी चढण्याचा संकोच वाटतो, त्या घराची ही मुदत ठेव आहे. हा व्यवहार जैन आचाराच्या मर्यादेत बसत नाही, आणि तो बसतो असे भासविण्याचेही कारण नाही. परंतु तो क्रौर्यातून जन्मलेला नसून गरजेतून जन्मलेला आहे, हे समजून घेतल्याने आचाराला बाध येत नाही.

आरोग्याचा प्रश्नही आहेच. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या दगावल्या, आणि संसर्ग पसरू नये म्हणून परिसरातील उरलेल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. दाट वस्तीत विष्ठेची दुर्गंधी, माश्या, घुशी यांचा त्रास होतो. अशा वेळी महापालिकेकडे तक्रार करण्याचा अधिकार नागरिकाला आहे.

पण अर्ज देण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारण्यासारखा आहे. नोटीस आली, म्हणजे खुराडे मोडणार. मग कोंबड्यांचे काय होणार? पाच-सहा कोंबड्या घेऊन त्या घरातील माणूस कोठे जाईल? बहुधा सर्वांत जवळच्या दुकानात. ज्या जिवांच्या दुःखाने मन व्यथित होत होते, त्यांचा अंत त्या अर्जामुळे लांबणीवर न पडता अलीकडे येतो. अहिंसेच्या नावाने टाकलेले पाऊल हिंसेच्या दारी जाऊन थांबते, आणि आपले अंगण मात्र शांत होते. ही शांतता कोणत्या खात्यावर जमा धरायची, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.

नेमिकुमारांचा प्रश्न

बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांची कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. राजीमतीशी विवाहासाठी वरात निघाली असता वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी आला. त्यांनी सारथ्यास विचारले, हे प्राणी येथे का कोंडले आहेत? विवाहाच्या भोजनासाठी, असे उत्तर मिळाले. नेमिकुमारांनी रथ फिरविला आणि गिरनारची वाट धरली.

या कथेतील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी प्रश्न आला, मग उत्तर ऐकून घेतले गेले, आणि त्यानंतर निर्णय झाला तो स्वतःविषयी. ज्यांनी पशू कोंडले, त्यांच्यावर शब्दांचा प्रहार करून नेमिकुमार मंडपाकडे गेले नाहीत. त्या दुःखात आपला वाटा कोणता, एवढे त्यांनी पाहिले आणि तो वाटा सोडला. शेजारचे खुराडे पाहून ज्याला खरोखर वेदना होते, त्याला या कथेत मार्ग सापडतो. तो मार्ग विचारण्याचा आहे.

प्रतिक्रमणात ज्या अठरा पापस्थानांचा उच्चार होतो, त्यांत सोळावे परपरिवाद, म्हणजे परनिंदा हे आहे. प्राणातिपात पहिले आणि परपरिवाद सोळावे, पण यादी एकच. पाचवे परिग्रह. शेजाऱ्याच्या अंगणातील वस्तू मोजताना आपल्या कपाटांतील, माळ्यावरील आणि कुलूपबंद खोलीतील वस्तूंची मोजणी राहून जाते. व्रतींच्या परिग्रह-परिमाणात भांडी-वस्त्रेही येतात. ती फर्निचरच्या दारामागे आहेत की पत्र्याखाली, हा भेद तेथे नाही.

नारेगावचा डोंगर

अंगण स्वच्छ ठेवणाऱ्या घरातील कचरा जातो कोठे, हा प्रश्न या शहराला फेब्रुवारी २०१८ मध्ये अकस्मात विचारला गेला. तीन दशकांहून अधिक काळ शहराचा सर्व कचरा नारेगाव येथे नेऊन ओतला जात होता. रोज सुमारे चारशे टन कचरा, ओला-सुका एकत्र. त्याचा डोंगर झाला होता. धूर, दुर्गंधी, भटकी कुत्री, दूषित झालेले पाणी हे सर्व नारेगाव, मांडकी आणि आसपासच्या गावांच्या वाट्यास आले होते. त्या गावकऱ्यांनी अखेर गाड्या अडविल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि नारेगाव येथे कचरा टाकण्यास मनाई झाली.

त्यानंतरचे आठवडे शहरवासी विसरलेले नाहीत. रस्त्यांच्या कडेला, दुभाजकांवर, शाळांच्या भिंतींलगत कचऱ्याचे ढीग साचले. लोक ते पेटवू लागले. जेथे गाड्या न्याव्यात तेथील रहिवासी विरोध करीत. ७ मार्च २०१८ रोजी मिटमिटा येथे दगडफेक झाली, वाहने जळली, लाठीमार झाला. पोलीस आयुक्तांना रजेवर पाठविले गेले, महापालिका आयुक्तांची बदली झाली. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल व कांचनवाडी येथे प्रक्रिया प्रकल्पांची आखणी झाली आणि ओला-सुका कचरा वेगळा देण्याची सवय शहराला हळूहळू लावली गेली.

त्या दिवसांत एक विसंगती उघड झाली. फरशी धुऊन लख्ख ठेवणाऱ्या घरांचा पसारा तीस वर्षे दुसऱ्यांच्या गावात साठत होता. उलट ज्या घरांची अडगळ म्हणून संभावना होत असे, तेथे शिळे अन्न कोंबड्या खात, पत्रा-प्लास्टिक भंगारवाल्याकडे जाई आणि फाटक्या कपड्यांच्या गोधड्या होत. त्यांच्या दारातून बाहेर पडणारा कचरा कमीच असणार. नारेगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर गलिच्छ शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर सोपे राहत नाही.

जैन मुनींच्या पाच समितींपैकी शेवटची समिती उत्सर्गाची, म्हणजे टाकून द्यावयाच्या वस्तूंविषयीची आहे. कोणतीही त्याज्य वस्तू निर्जंतुक भूमी पाहून, कोणत्याही जिवाला वा माणसाला पीडा होणार नाही अशा रीतीने विसर्जित करावी, असे ती सांगते. श्रावकाला तिचे पूर्ण पालन शक्य नाही. पण घरातून निघालेली पिशवी कोणाच्या दारी जाऊन पडते हे जाणून घेणे त्याला अशक्य नाही. २०१८ च्या त्या वसंतात शहराने हाच पाठ फार मोठी किंमत मोजून गिरविला.

कुंपणावरून जाणारा पाइप

सिडकोच्या वसाहतींत आणखी एक दृश्य नित्य दिसते. एका घरातून दुसऱ्या घरात कुंपणावरून गेलेला हिरवा किंवा निळा रबरी पाइप. दिसावयास तोही पसाराच. पाण्याचा दिवस असतो, नळ कधी पहाटे तीनला येतो, कधी दुपारी. एखाद्या घरातील मंडळी कामावर असतात, एखादे कुटुंब कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनास किंवा शिखरजीच्या यात्रेस गेलेले असते. पाळी चुकली तर पुढचे आठ दिवस टँकर मागवावा लागतो. अशा वेळी शेजारचे माणूस उठते, आपला पाइप पलीकडे टाकते आणि न सांगता हौद भरून ठेवते. हे करणारे घर पुष्कळदा तेच असते, ज्याच्या अंगणात कूलर, पत्रे आणि खुराडे आहे.

ज्याने आपला हौद भरून ठेवला, त्याच्याशी ड्रमाच्या झाकणाविषयी बोलणे अवघड नसते. खुराडे आपल्या भिंतीपासून पलीकडच्या कोपऱ्यात हलवावे, रोज राख टाकून झाडावे, असे सुचविणेही अवघड नसते. पावसाळ्याआधी दोन्ही घरांचे भंगार एकाच दिवशी, एकाच हातगाडीवर देता येते. एखाद्या घराला दुसरा जोडधंदा हवा असेल, तर शिलाईयंत्रासाठी अथवा पापड-मसाल्यासाठी बचतगटाचे कर्ज मिळवून देण्यात लिहिण्या-वाचण्याची मदत करता येते. खुराडे त्या वाटेनेच एखादे दिवशी रिकामे झाले, तर त्यात कोणाचा अपमानही नसेल आणि कोणत्या जिवाचा बळीही.

पर्युषणात क्षमायाचनेची पत्रे आणि संदेश दूरदूरच्या आप्तांना पाठविले जातात. कुंपणापलीकडे मात्र ते क्वचितच जातात. यंदा संवत्सरीच्या किंवा क्षमावाणीच्या दिवशी चार पावले चालून तेथे जाण्यास हरकत नाही. जाताना हात जोडलेले असावेत आणि नजर अंगणाकडे न जाता माणसाच्या चेहऱ्याकडे असावी.